खानदेशातून बेलमची गुहा बघायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जळगाव-भुसावळच्या माणसाला गुहा म्हटलं की अजिंठा आठवतो, चाळीसगावकडच्याला पितळखोरा. त्यामुळे चुनखडकाची गुहा बघायला आंध्रात चाललोय असं सांगितलं की घरचे हमखास विचारतात, "मग फर्दापूरला उतर ना, एवढ्या लांब कशाला मरतोस?" प्रश्न रास्त आहे. उत्तर खडकात आहे. आपला सातमाळा आणि सातपुडा बहुतेक सगळा काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात माणसाने छिन्नी चालवली म्हणून लेणी झाली. पाण्याने खडक आतून विरघळवून केलेली, जमिनीखाली किलोमीटरभर पसरलेली गुहा आपल्याकडे मिळायची नाही.

चुनखडक मात्र विरघळतो, आणि त्याचा पुरावा बहुतेक घरांत आहे. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी तिथे पांढुरका डाग दिसतो, कितीही घासला तरी जात नाही. तो डाग नसतोच, आम्लाने खाल्लेला दगड असतो. कडप्पा हा काळसर चुनखडक. ताडपत्री, बेतमचर्ला या भागांतल्या खाणींतून तो येतो आणि बेलमची गुहाही त्याच पट्ट्यात आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि खडकाच्या भेगांत शिरतं. लिंबाने एका रात्रीत जे केलं, तेच पाणी लाखो वर्षं करत राहतं.

हे लिहायचं कारण असं की पहिल्यांदा जाणारे बरेच जण अजिंठ्याचा अंदाज घेऊन निघतात आणि फसतात. कपडे चुकतात, चपला चुकतात, सोबत आणलेली माणसं चुकतात. म्हणून क्रमाने सांगतो.

१. आधी गुहा ठरवा

रेल्वेने जमण्यासारख्या तीन जागा आहेत.

बोर्रा: विशाखापट्टणमच्या पुढे अरकूच्या डोंगरात. लवणस्तंभ बघायचे असतील तर ही सगळ्यांत देखणी. नंदुरबार, जळगाव, भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने विजयवाडा, तिथून विशाखापट्टणम आणि पुढे किरंदुलच्या गाडीने थेट 'बोर्रा गुहालू' नावाच्या स्टेशनावर उतरायचं. प्रवास लांबचा, पण शेवटचा घाटाचा टप्पा सुंदर.

कुटुमसर: छत्तीसगडच्या कांगेर व्हॅली राष्ट्रीय उद्यानात, जगदलपूरजवळ. भुसावळहून हावडा मार्गाच्या गाडीने रायपूर आणि पुढे बस. तोंड अरुंद, आत अंधार, आणि अंधारात राहून दृष्टी गमावलेले मासे. जंगल खात्याच्या ताब्यात असल्याने पावसाळ्यात बंद असते.

बेलम: आंध्रच्या नंद्याल जिल्ह्यात. एकूण लांबी ३२२९ मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर भाग दिवे आणि वाट करून लोकांसाठी खुला आहे. भारताच्या सपाट प्रदेशातली ही सर्वांत लांब गुहा.

माझं मत विचाराल तर पहिली गुहा बेलमच असावी. लवणस्तंभांची श्रीमंती बोर्राइतकी नाही, पण गुहेतून चालणं म्हणजे काय ते इथे कळतं. बोर्रा म्हणजे मोठं दालन, बेलम म्हणजे वळत जाणाऱ्या बोळांचं जाळं. पुढचं सगळं बेलम धरून लिहिलंय.

२. महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मे महिन्यात भुसावळच्या उन्हाला कंटाळून "गुहेत तरी गार वाटेल" म्हणून जाणारे असतात. अजिंठ्याच्या लेण्यात शिरल्यावर मे महिन्यातही बरं वाटतं, हे खरं. पण खोल गुहेतलं तापमान हे त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ असतं आणि रायलसीमेची, म्हणजे बेलम आहे त्या भागाची, सरासरीच चढी आहे. त्यात आतल्या हवेत दमटपणा इतका, की घाम सुकतच नाही. बेलममध्ये दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो, मग बाहेर जानेवारी असो की मे. फरक एवढाच, की जानेवारीत बाहेर आल्यावर सुटका होते, मे महिन्यात होत नाही.

पावसाळ्यात जायचंच असेल तर निघण्याआधी गुहा उघडी आहे का, याची खात्री करा. रविवार, नाताळची सुट्टी, संक्रांतीचे दिवस टाळा. आंध्रात संक्रांत मोठी असते आणि सगळं राज्य फिरायला निघालेलं असतं.

३. कोणाला न्यायचं, हे निघण्याआधीच ठरवा

या पायरीवर लोक सगळ्यांत कमी विचार करतात. "आलोच आहोत तर आईलाही आणलं" हे वाक्य गुहेच्या तोंडाशी फार ऐकू येतं आणि मग ती आई तासभर बाहेर बाकावर बसलेली दिसते.

बेलमला आत जायची वाट विहिरीसारख्या खड्ड्यातून खाली उतरते. असे तीन खड्डे आहेत, मधल्यातून प्रवेश. साधारण वीस मीटर उतरल्यावर वाट आडवी होते. पुढे ठिकठिकाणी वाकून चालावं लागतं, काही बोळ अंगाला घासतील इतके अरुंद आहेत. सर्वांत खोल जागा पाताळगंगा, प्रवेशापासून ४६ मीटर खाली. तिथे उतरलेली प्रत्येक पायरी परत चढायची असते.

म्हणून:

- गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी वरच्या दालनांपर्यंत जावं, पाताळगंगेचा हट्ट धरू नये.
- दमा, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पंप आणि गोळ्या खिशात ठेवा, गाडीत नाही.
- लिफ्टमध्ये किंवा बंद खोलीत जीव घाबरतो अशांना आधी स्पष्ट सांगा. चार पावलं आत जाऊन "नको" म्हणणाऱ्याची चेष्टा करू नका, त्याच्याबरोबर कोणीतरी परत फिरा.
- कडेवरचं मूल नको. आपला तोल जातो आणि त्याचं डोकं छताला लागतं. सहा-सात वर्षांचं स्वतः चालणारं पोर मात्र मोठ्यांपेक्षा मजेत फिरतं.

४. गाडीचं गणित

भुसावळहून सोयीची गाडी कर्नाटक एक्सप्रेस. मनमाड, दौंड, सोलापूर, रायचूर करत ती गुंतकलला जाते. धुळे, मालेगाव, चाळीसगावच्या मंडळींनी मनमाडला बसावं.

इथे एक खोच आहे. गुहेला जवळचं स्टेशन ताडपत्री, अंतर साधारण तीस किलोमीटर. पण कर्नाटक एक्सप्रेस गुंतकलनंतर अनंतपूरकडे वळते. ताडपत्री आहे गुत्तीहून कडप्पा, रेणिगुंट्याकडे जाणाऱ्या मार्गावर. म्हणजे गुंतकलला उतरून दुसरी गाडी किंवा बस धरायची. दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिली गाडी उशिरा पोचली आणि दुसरी वेगळ्या तिकिटावर असली, तर ते तिकीट पाण्यात.

दुसरी खोच पत्त्याची. जुन्या माहितीत बेलम कुर्नूल जिल्ह्यात दाखवलेलं असतं. एप्रिल २०२२ मध्ये नंद्याल हा वेगळा जिल्हा झाला आणि बेलम त्यात गेलं. जुना पत्ता वाचून कुर्नूल शहरात खोली घेतली तर गुहा तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे निघते. मुक्काम ताडपत्रीत करा, नाहीतर गुहेजवळच्या आंध्र पर्यटन महामंडळाच्या हरिता हॉटेलात. खोल्या मोजक्या असतात, आधीच बुक करा.

ताडपत्रीहून कोलिमिगुंड्लाच्या दिशेने बस मिळते. चौघं असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवलेली बरी. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का ते विचारा. हिंदी सगळ्यांना येतेच असं नाही. "बेलम गुहलु" एवढं म्हटलं तरी काम होतं. वाटेत दोन्ही बाजूंना फरशीच्या खाणी आणि रचून ठेवलेल्या काळ्या लाद्या दिसू लागल्या, की आपल्या ओट्याच्या माहेरी आलो असं समजा.

स्वतःची गाडी असेल तर धुळे-सोलापूर महामार्गाने औट्रम घाट चढून पुढे सोलापूर गाठायचं आणि एक मुक्काम सोलापुरातच करायचा. एका दमात जाऊ नका.

५. सामान आणि कागदपत्रं

- सगळ्यांचं आधार कार्ड, मूळ. हॉटेलात प्रत्येकाचं मागतात.
- रेल्वेचं तिकीट मोबाइलवर आणि एक कागदावर.
- सुट्टी रोकड. नेट गेलं की क्यूआर कोड नुसता बघत बसावा लागतो.
- रबरी तळाचे बूट. चप्पल, सँडल, नवे कोरे गुळगुळीत तळाचे बूट यांतलं काही नको.
- पातळ सुती कपडे, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. जीन्स घामाने जड होते. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी मात्र बांधून घ्या.
- प्रत्येकाकडे छोटी बॅटरी. दिवे आहेत, पण वीज ही वीज आहे. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर हात मोकळे राहतात.
- माणशी लिटरभर पाणी आणि घाम पुसायला पंचा.
- कोरड्या कपड्यांचा एक जोड, गाडीत ठेवायला.

खाण्याची चिंता नको. शेवभाजी खाऊन वाढलेल्या माणसाला आंध्रचं तिखट जड जात नाही, उलट तीन वेळच्या भाताने चौथ्या दिवशी भाकरी आठवते. गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. गुहेत मात्र खायचं काहीच नेऊ नका. सांडलेल्या कणांवर बुरशी आणि किडे येतात.

६. तिकीट आणि वाटाड्या

गुहा सकाळी दहाच्या सुमारास उघडते. त्याच वेळेला दारात उभे राहा. दुपारी गर्दी वाढली की आतली हवा जड होते. बाहेरची हवा येण्यासाठी व्यवस्था केलेली आहे, पण अरुंद बोळात शंभर माणसं श्वास घेत असली की कळतंच.

वाटाड्या घ्या. वाट एकटीच आहे, चुकणार नाही, असं वाटेल. ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण बेलमचे फाटे कुठून कुठे जातात आणि कुठे वळून बघायचं ते वाटाड्याच दाखवतो. तो "हा महादेव, हा हत्ती, हा नागाचा फणा" अशी नावं सांगत जाईल. पोरांना त्यात मजा येते. तुम्ही मात्र मध्येच थांबवून विचारा, "पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं?" बहुतेक वाटाडे आसपासच्या गावांतले असतात, आणि असल्या प्रश्नावर त्यांची कळी खुलते.

७. आत काय आणि कसं बघायचं

पहिली पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की भिंतींकडे नीट दिसायला लागतं. बेलमची भिंत मला तिथल्या कुठल्याही 'आकृती'पेक्षा जास्त आवडते. ती आडव्या थरांची आहे, वहीची पानं एकावर एक ठेवावीत तशी, आणि पाण्याने काही थर जास्त खाल्लेत, काही कमी. त्यामुळे कडा आत-बाहेर झालेल्या दिसतात. बोट न लावता बॅटरी भिंतीला समांतर धरा. तिरक्या उजेडात पाण्याने कोरलेल्या लहान लहान खळग्या उठून दिसतात. समोरून उजेड टाकला तर तीच भिंत सपाट वाटते. छताकडे बघितलं तर गोल घुमटासारखे खड्डे दिसतील. कधीकाळी बोळ पाण्याने छतापर्यंत भरलेला असताना वरचा खडकही विरघळत होता, त्याची ती खूण.

वाटेवरच्या ठळक जागा: सिंहद्वार, कोटिलिंगालू, सप्तस्वरांची गुहा, ध्यानमंदिर, हजार फण्यांसारखं छत आणि पाताळगंगा. कोटिलिंगालूत लवणस्तंभांची दाटी आहे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ इथे एकदा शेजारी शेजारी बघून घ्या. छतातून थेंब गळतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. थेंब लटकलेल्या जागी बसला तर वरून खाली वाढतो, पडलेल्या जागी बसला तर खालून वर.

सप्तस्वरांच्या गुहेत खडकावर बोटाच्या पेराने ठोकलं की सूर निघतो. वाटाड्याने ठोकून दाखवलेलं ऐका. आपण दगडाने ठोकू नका, जागोजागी टवके गेलेले दिसतात ते असल्याच हौसेने.

पाताळगंगेला पाणी खडकाखाली जाऊन दिसेनासं होतं. जाताना घाई करू नका, पायऱ्या ओल्या असतात. डोकं दुखायला लागलं, धाप बसेना, मळमळलं तर "आता आलोच आहोत" न म्हणता वर फिरा. मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं.

फोटोची एक सूचना. एसी गाडीतून उतरून थेट आत गेलात तर कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. कॅमेरा दहा मिनिटं उघडा ठेवा, मग पुसा. फ्लॅश बंद ठेवा, दमट हवेत नुसते पांढरे ठिपके येतात. ट्रायपॉड आणि ड्रोनचं काउंटरवर आधी विचारा.

गुहा आधी कोणाला माहीत होती म्हणाल, तर गावकऱ्यांना होतीच. १८८४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी तिची नोंद केली. मग जवळजवळ शंभर वर्षं कोणी फिरकलं नाही. १९८२ पासून हर्बर्ट डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने स्थानिकांच्या मदतीने ती मोजून नकाशा केला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. आत बौद्ध भिक्षूंच्या वावराच्या खुणाही सापडल्या आहेत. जवळच्या टेकडीवरची मोठी बुद्धमूर्ती त्याचीच आठवण.

८. हात खिशात

लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने वाढतो. बोटाचं तेल लागलं की तिथे चुना नीट धरत नाही आणि तो भाग काळवंडतो. रेलिंगलगतच्या आणि आतल्या खडकांचा रंग ताडून बघा, हात पोचतो तिथला वेगळा दिसेल. दिव्यांच्या भोवती हिरवट शेवाळ दिसेल, तेही माणसानेच आणलंय, कारण एरवी तिथे उजेडच नसतो. वटवाघळं दिसली तर बॅटरी खाली करा, शिट्ट्या नकोत. त्यांच्या विष्ठेची कोरडी धूळ असलेल्या कोपऱ्यात नाकावर रुमाल धरा, त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

आणि नावं कोरू नका. खडकावर "राहुल लव पूजा" वाचायला एवढा प्रवास करायचा नसतो.

९. दुसऱ्या दिवशी

गुहा अर्ध्या दिवसात होते. पुढचा दिवस गंडिकोट्याला द्या, पेन्नेरू नदीने कापलेली दरी आणि काठावरचा किल्ला. ताडपत्रीतली चिंताल वेंकटरमण आणि बुग्ग रामलिंगेश्वर ही देवळंही चुकवू नका, विजयनगर काळातलं कोरीवकाम आहे.

१०. रेलिंगपलीकडे जावंसं वाटलं तर

काही जणांना बेलम बघून झालं की खाज सुटते: दिवे नसलेल्या भागात जायचंय. बेलममध्ये ते करू नका. वाटाड्याला शंभर-दोनशे देऊन आत घुसणारे असतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय अडकलात तर काढायला येणाऱ्याचाही जीव टांगणीला लागतो.

खरी हौस असेल तर रस्ता मेघालयाकडे जातो. तिथल्या जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियाट प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन १९९० च्या दशकापासून परदेशी पथकांबरोबर तिथल्या गुहा मोजत आली आहे. या बहुतेक गुहांतून नदी वाहते, म्हणून मोसम फक्त कोरड्या महिन्यांचा. जमीन गावाची किंवा खासगी असते, त्यामुळे गावच्या मुखियाला विचारल्याशिवाय तोंडाशीही जाऊ नये.

तयारी इथेच सुरू करता येते. जळगाव, धुळ्याकडच्या ट्रेकिंगवाल्यांबरोबर सातमाळ्यात दोर, हार्नेस, उतरणं-चढणं शिका. गुहेत तेच अंधारात आणि ओल्या अंगाने करायचं असतं. मग हे नियम, जगभरचे गुहेवाले पाळतात ते:

- माणशी तीन स्वतंत्र दिवे, मोबाइलचा धरायचा नाही.
- हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट.
- चौघांपेक्षा कमी नाही. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघं बाहेर जातात.
- पावसाची शंका असली तरी आत नाही. पाऊस दहा किलोमीटरवर पडला तरी पाणी तुमच्या बोळात येतं.
- प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. येताना तोच फाटा वेगळा दिसतो.
- बाहेर एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा: कुठे जातोय, किती वाजेपर्यंत येणार, आणि नाही आलो तर कोणाला फोन करायचा. वर आल्यावर चहाच्या आधी त्याला कळवा, नाहीतर तो ठरल्या वेळी शोधपथक बोलावणारच.